कॅमेऱ्यात रोल होता

१९८६ च्या हिवाळ्यात, सोनगीरजवळच्या एका गावात कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. तिथे मी एका बाईला सांगितलं की कॅमेऱ्यातला रोल संपलाय. रोल संपलेला नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरीही नाही.

मी तेव्हा धुळ्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आमच्या भागात नवी होती. बेंबीखाली छोटीशी जखम, एखादा टाका, आणि संध्याकाळी बाई घरी. पूर्वी आठवडाभर अंथरूण धरावं लागे. मी त्याचंच कौतुक लिहिणार होतो. एवढी लहान जखम लपवताही येते, हे माझ्या ध्यानात तरी कुठे आलं होतं?

शस्त्रक्रिया झालेल्या बाया शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीने निजल्या होत्या. मी कॅमेरा उचलला तशी दाराजवळच्या एकीने पदर तोंडावर ओढला.

"भाऊ, मना फोटो नका काढू. सासरमा कोन्लेच माहीत नही शे."

शेजारची हसली. "ऱ्हाऊ दे वं माय, आपलं तोंड कोन देखस!"

पदर ओढलेल्या बाईला तीन मुली होत्या. तिसरीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. सासरच्यांना मुलगा हवा होता. माहेरी जाते असं सांगून ती भावाबरोबर आली होती. संमतीपत्रावर नवऱ्याची म्हणून सही भावानेच केली होती. हे सगळं तिने मला का सांगितलं? मी फोटो काढू नये म्हणून. मी ऐकून घेतलं, रोल संपल्याचं सांगितलं, कॅमेरा पोटाशी धरला. तिने पदर खाली घेतला — आणि मी बटण दाबलं. बायांच्या बोलण्यात तो आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

चेहरा नसलेला फोटो पहिल्या पानावर घेत नसत. ह्यात तिचा चेहरा होता, हा घेतला. खाली गावाचं नाव होतं.

इथवरचं कदाचित मी कधीतरी सांगितलंही असतं. पुढचं नाही.

दोन-तीन दिवसांनी तिचा भाऊ कचेरीत आला. पेपर सासरी पोचला होता. फोटोतली बाई दुसरीच कुणी आहे, असं ती सांगत होती. नवऱ्याचा निम्मा विश्वास बसला होता — पेपरात तसं आलं तर पुरता बसणार होता.

"भाऊ, येकच वळ छापा. ती बाई दुसरी शे. बस, इतलंच."

एक ओळ. खुलासे तर आम्ही नेहमीच छापत होतो. पण संपादकांना विचारावं लागलं असतं, आणि त्यांनी मला विचारलं असतं — फोटो काढलास कसा? मग मी त्याला काय म्हणालो?

"आम्ही खोटं छापत नाही."

आवाज न चढवता म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पसंतीची मान हलवली. मला ते बरं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

"मंग तिले काय सांगू?" भावाने विचारलं.

मी समोरची बातमी तपासू लागलो. तो गेला.

त्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. ती भावाकडे राहायला आली. धाकटी मुलगी तिच्याबरोबर आली. थोरल्या दोघींना सासरच्यांनी पाठवलं नाही.