बाळंतिणीचे लाडू

विनोदी सिनेमा बघताना मी हसत नाही, असा माझ्यावर घरात कायमचा आरोप आहे. तो खरा आहे. पुढे काय होणार ते मला आधीच कळतं आणि मग मी घड्याळ बघत बसते. गेल्या जूनच्या सुट्टीत इथे परदेशात, सेरंगूनच्या मॉलमध्ये जो सिनेमा पाहिला, त्यातही पुढे काय होणार ते मला कळत होतं. फक्त त्या दिवशी घड्याळ बघायचं सुचलं नाही.

सिनेमा चिनी, खाली इंग्रजी अक्षरं. निवड आंटीची. आंटी म्हणजे पासिर रिस भागात आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर दोन दारं सोडून राहणारी, पंचाहत्तरीची चिनी बाई. माझी बारा वर्षांची लेक तिला आ-मा म्हणते, म्हणजे आजी, आणि शाळा सुटल्यावर मी ऑफिसातून येईपर्यंत तिच्याच घरी असते. आंटीचं आणि माझं कशावरही एकमत नाही. तिच्या मते मी सगळ्यांशी मीटिंगमध्ये बोलावं तशी बोलते, आणि माझ्या मते तिला नको तिथे लक्ष घालायची सवय आहे. तरी रविवारी ती आली नाही तर मीच जाऊन तिची बेल वाजवते.

तिने फक्त इतकंच सांगितलं होतं, की सिनेमा फार हसवतो, ती मैत्रिणींबरोबर एकदा बघून आली आहे. पहिल्या दहा मिनिटांत मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मोठ्या हुद्द्यावरची एक बाई, मूल होत नाही म्हणून बाजारात मासे विकणाऱ्या एका तोंडाळ बाईला आपलं मूल पोटात वाढवायला तयार करते. जगाला कळू नये म्हणून स्वतः पोटाला उशी बांधून फिरते. आधी दोघी एकमेकींना पाण्यात बघतात, मग एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नाही. लिफ्टमध्ये साहेबासमोर उशी घसरून गुडघ्यापर्यंत आली तेव्हा थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. लेक आमच्या मध्ये बसून पॉपकॉर्न सांडेपर्यंत हसत होती.

मी उशी बांधली नव्हती, एवढं माझ्या बाजूने सांगते. मी ढगळ कुर्ते घातले आणि शेवटचे चार महिने पुण्यातून काम केलं.

लेक आमचीच आहे, पण जन्मापर्यंत ती दुसऱ्या बाईच्या पोटात होती. तेव्हा भारतात ते कायद्यात बसत होतं. नवरा, मी आणि माझी आई सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि लेकीला तर नाहीच. तिला कधी सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं: तेराव्या वाढदिवसाच्या आधी, एखाद्या रविवारी सकाळी, तिघांनी बसून. काय बोलायचं ते लिहूनसुद्धा ठेवलं होतं. मी तयारीशिवाय काही करत नाही.

त्या बाईच्या बाबतीतही माझी तयारी चोख होती. तिचं हिमोग्लोबिन, तिचं वजन, लोहाच्या गोळ्या, सगळं मला पाठ. आठवड्यातून एकदा भेटायला जायचे आणि प्रश्न विचारायचे. ती हसायची. म्हणायची, ताई, तुम्ही आमच्या शाळेच्या बाईंसारख्या आहात, जरा बसा तरी. मग मी बसायचे आणि ती तिच्या दोन मुलांच्या खोड्या सांगायची. मला ती आवडत होती, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

इकडे आईने डिंकाचे लाडू वळले. घरात बाळ आलं आणि लाडू झाले नाहीत, तर सोसायटीतल्या बायका विचारणार. खोटं निभवायचं तर नीट निभवायचं, हे मी तिच्याकडूनच शिकले. खारीक, खोबरं, साजूक तूप, मोठा स्टीलचा डबा गच्च भरून. ते सगळे मी खाल्ले. पुण्यात सुरुवात केली, उरलेले विमानातून आणले आणि इथे संपवले. बाळंत न होता माझं वजन सहा किलो वाढलं.

त्यात आंटीची भर. महिन्याचं बाळ घेऊन आम्ही आलो, तर ही लिफ्टपाशीच उभी. बाळ नवऱ्याच्या हातात होतं, माझ्या एका हातात भली मोठी बॅग आणि दुसऱ्यात लाडवांचा डबा. तिने बॅग माझ्या हातून काढून घेतली. तिच्या हिशोबाने बाळंतपण चाळीस दिवसांचं, म्हणजे अजून बारा दिवस बाकी होते. ते बारा दिवस ती रोज कच्च्या पपईचं सूप घेऊन आली, दूध यावं म्हणून. आमच्याकडे मासे चालत नाहीत म्हटल्यावर तिने मासे वगळले आणि शेंगदाणे वाढवले. मी समोर बसून वाडगा रिकामा करायचे, आणि ती गेली की बाळाला बाटलीने दूध पाजायचे.

सिनेमा सुटल्यावर आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला बसलो. लेक अजून उशीवरच हसत होती. मग इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, पण तिने लपवलं कशाला, सो सिली लाह. मी तोंड उघडलं. लिहून ठेवलेल्यातलं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना. मी आंटीकडे बघितलं आणि ती माझ्याकडे शांतपणे बघत होती, आणि मला कळलं.

"तुला माहीत होतं," मी इंग्रजीत म्हणाले.

तिने मान हलवली. लिफ्टपाशी बॅग बघितली तेव्हाच कळलं, म्हणाली. बाळंतीण अशी बॅग उचलून ताठ चालत नाही. मग बारा दिवस सूप कशाला आणलंस, मी जरा चिडूनच विचारलं.

"बेबी न्यू, मदर ऑल्सो न्यू," ती म्हणाली. "न्यू मदर मस्ट ईट."

मला रडू आलं. चारचौघांत, हातात काटा धरून. लेक घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, मराठीत, जसं येईल तसं. कुर्ते, पुणे, ती बाई, तिचं हसणं, बाटली. आंटीला शब्द कळत नव्हते, पण तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला होता.

लेक नूडल्स चिवडायला लागली. मला वाटलं आता विचारेल, मग माझी आई कोण. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, चांगलं होतं.

तिने विचारलं, "तिला कोणी सूप दिलं?"

कुणी दिलं ते मला माहीत नव्हतं. दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर ती बाई पडून होती. मी बाळाला घेतलं, तिचा हात हातात धरला, आभार मानले, ब्लड प्रेशर विचारलं आणि जिना उतरले. आईने लाडवांचा डबा थेट दवाखान्यातच आणला होता, मी तो बाळाबरोबर तिथूनच घरी न्यावा म्हणून. मी लेकीला तेही सांगितलं, की डबा तेव्हा खाली गाडीत होता.

"सो यू एट हर लाडू, आई," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "सगळे."