रिपेअर बुक भरलेलं इंजिन

डब्ल्यूडीएस-६ जातीचं डिझेल इंजिन म्हटलं की रेल्वेवेडी पोरंसुद्धा गप्प होतात. मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या डिझेलला सोळा सिलिंडर, याला सहा. काम काय, तर यार्डात डबे इकडचे तिकडे ढकलायचे. अशांचे फोटो कोण काढतो? पनवेलच्या यार्डात अशी दोन इंजिनं होती, त्यातलं एक मी चालवायचो.

बिघाड कितीही बारीक असो, रिपेअर बुकात लिहायची मला खोड. तेल पाझरतंय, जनरेटरचा आवाज बदललाय, वायपर अडकतोय. शेडवाले वैतागायचे, पण दुरुस्त करून द्यायचे. दुसऱ्या इंजिनावरचा ड्रायव्हर उरणकडचा, 'ड'चा 'र' करून बोलणारा. तो पेनाला हात लावायचा नाही.

"लिवलंस का चिकटलं रं," तो म्हणायचा. "माजं इंजिन कदी आजारीच नाय परत."

त्याचं इंजिन काळा धूर ओकत असायचं आणि मी हसायचो.

पुढे सगळीकडे विजेची इंजिनं आली. आमच्या दोन इंजिनांतलं एक द्रोणागिरीकडच्या गोदामाच्या सायडिंगला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रुळांवर कामाला द्यायचं आणि दुसरं भंगारात, असं ठरलं. मला काळजी नव्हती. माझं चांगलं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. तपासणीच्या दिवशी मी केबिन लख्ख पुसून ठेवली.

तपासणीला आलेले साहेब इंजिनावर चढलेच नाहीत. ऑफिसात बसून त्यांनी दोन्ही रिपेअर बुकं मागवली. माझं गच्च भरलेलं, त्याचं जवळजवळ कोरं.

"हे फार त्रास देतं दिसतंय," म्हणाले आणि माझं इंजिन भंगारात काढायच्या कागदावर सही केली.

"साहेब, ते सगळे बिघाड दुरुस्त झालेत," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि फाइल मिटली. करायला गेलो गणपती नि झाला मारुती. माझ्याच हस्ताक्षराने मी माझ्या इंजिनाचा जीव घेतला.

उरणवाल्याने फुशारकी मारली नाही. "तुजंच जायला पायजे व्हतं तिकरं गोदामावर," एवढंच म्हणाला.

बंद इंजिन ओढून नेताना त्यावर एक माणूस बसवतात. ते काम मी मागून घेतलं. पुढे विजेचं इंजिन, मागे आम्ही. इतकी वर्षं त्या केबिनमध्ये ओरडून बोलावं लागायचं, त्या दिवशी मला माझा श्वास ऐकू येत होता. मी रडलो. बघायला कोणी नव्हतं.

पनवेल मागे पडल्यावर पुढच्या ड्रायव्हरने वॉकीटॉकीवर विचारलं, "मागे काही तक्रार?"

खिडकीची काच खडखडत होती. दाराची कडी सैल झाली होती.

"काही नाही," मी म्हणालो.