माझ्या वावराचा हुरडा

सांगते, सगळं सांगते! पण आधी हातातली कपबशी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारणीने चहा नाकातून काढला, आणि बोल मात्र मला लागला.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या फजित्या सांगितल्या. आता माझी ऐका. आणि हसायचं तर मोकळं हसा. तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायका मला मुळीच आवडत नाहीत.

आमचं गाव उमरेडच्या अलीकडे. मालक गेले तेव्हा माझा दिनकर नागपुरात नुकताच कचेरीत कारकून लागला होता. 'एकटी कशी राहशीन' म्हणून तो मला तिथल्या महाल भागातल्या भाड्याच्या बिऱ्हाडात घेऊन आला. त्याला एक तप उलटलं. एवढ्या काळात मी नागपूरबद्दल एक चांगला शब्द काढला असेल तर शपथ! नळाचं पाणी? त्याला ना रूप ना चव. दूध? ते पाहून म्हैस ओळखही देणार नाही. शेजार? भिंतीला भिंत लागलेली, आणि पलीकडे कोणी गेलं तर आपल्याला वर्तमानपत्रात वाचून कळायचं!

हो, वर्तमानपत्र मी वाचते. शाळेचं तोंड पाहिलं नाही; किराण्याच्या पुड्या सोडून सोडून त्यांच्या कागदांवर अक्षरं शिकले. म्हणून तर वकिलीणबाईंना मी भीत नाही.

वकिलीणबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सनद नवऱ्याला मिळाली, वाद या घालतात. एकदा पापड लाटता लाटता म्हणाल्या, "काकू, खेड्यात आहे तरी काय हो? चिखल, माश्या आणि भाऊबंदकी!"

"आणि शहरात काय आहे? धूळ, डास आणि भाडेकरू!"

दिनकर तिथेच पान लावत बसला होता. त्याने संधी साधली. "आई, मी तर म्हणतो ते वावर विकून टाकू. इथं धंतोलीत प्लॉट निघून राहिले. वावरात कोण जाते आता? तुले तरी ते ओळखू येईन का?"

ऐकलंत? मालकांच्या मागे माझं म्हणावं असं त्या वावराशिवाय माझ्यापाशी काय होतं? ते गेलं की मी दिनकरच्या बिऱ्हाडातलं एक गाठोडं!

"ओळखू येईन का? अरे, तू जन्मला तेव्हा दायीनं मले दुसरं पोट्टं दाखवलं असतं तर एखाद्या वेळी फसली असती मी. पण माह्या वावराचं ढेकूळ डोळे मिटून ओळखन!"

"मंग ठरलं. हुरड्याचे दिवस आहेत, चाल. ओळखलं तर विकायचं नाव काढणार नाही. नाही ओळखलं तर कागदावर सही."

"मी साक्षीदार!" वकिलीणबाईंनी लाटणं वर केलं. मी म्हटलं, "या, तुम्हीही या! खेडं काय असतं ते एकदा जिभेवर ठेवून पाहा."

रविवारी सर्विस मोटारीने निघालो. मी सांगत होते, "आमच्या शेतांमधून एक पांधण जाते. त्या वाटेच्या डाव्या हाताला आमचं वावर, उजव्या हाताला नथ्थूभाऊजींचं." नथ्थूभाऊजी म्हणजे माझे चुलतदीर. नांगरताना ते दरसाल धुरा कोरतात, बांध इंच इंच खातात, असा मालकांना संशय होता. मालक गेले आणि संशय वारसाहक्काने माझ्याकडे आला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

पूर्वी आम्ही गावातून बैलगाडीने वावरात जायचो. आता मोटारवाल्याने आम्हाला सडकेवरच उतरवलं, पांधणीच्या दुसऱ्या टोकाला. मला त्याचं काय? मी पदर खोचला आणि पुढे निघाले. डावा हात म्हणजे डावा हात!

आणि काय सांगावं, डाव्या हाताला सोनं उभं होतं! दोन पुरुष उंच ज्वारी आणि लहान लेकराच्या डोक्याएवढी कणसं. माझा ऊर भरून आला. "हे! हे माझं!"

पांधणीपल्याड उजवीकडे पाहिलं, तर तण कमरेएवढं, ज्वारी गुडघ्याएवढी, आणि त्यातही निम्मी चिमण्यांच्या पोटात. "ते पाहा नथ्थूभाऊजींचं! माणूस तसं पीक. आळशाचं वावर दुरून ओळखू येतं बरं, वकिलीणबाई."

दिनकर मान खाली घालून म्हणाला, "आई, जिंकली तू."

मग काय विचारता! गोवऱ्या पेटवल्या, कणसं भाजली, हातावर चोळली. वकिलीणबाईंच्या नाकाला काजळी लागली तरी त्यांना भान नव्हतं. "काकू, अमृत हो, अमृत!"

"माती मालकाला ओळखते, बाई. मी नागपुरात असले तरी ती माझ्यासाठी पिकते!"

इतक्यात धाटांमधून सळसळ झाली आणि नथ्थूभाऊजी बाहेर आले, हातात पाखरं उडवायची गोफण. आम्हाला पाहून जागीच थबकले.

मी उठले आणि हाताला आलेलं धाट उगारलं. "काहून जी भाऊजी? धुरा कोरून पोट नाही भरलं? आता वावरातच घुसून राहिले? मालक गेले म्हणून काय झालं, मी आहे! निघा!"

"वयनी, पण..."

"पण-बिण काही नाही! या वकिलीणबाई आहेत. फौजदारी ठोकन!"

वकिलीणबाई तोंडातला हुरडा सांभाळत म्हणाल्या, "ट्रेसपास आहे हा! सरळसरळ ट्रेसपास!"

नथ्थूभाऊजींनी आमच्याकडे पाहिलं, आगटीकडे पाहिलं, सोललेल्या कणसांच्या ढिगाकडे पाहिलं. आणि गेले हो! मुकाट्याने पांधण ओलांडून त्या तणाच्या वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसले. मी दिनकरकडे असं पाहिलं, जसा काही किल्लाच सर केला.

थोड्या वेळाने तिकडून हाक आली. "वयनी, नुसता हुरडा खाऊन राहिल्या? जवसाची चटणी हाय माह्यापाशी. देऊ का?"

"तुमची चटणी तुमच्याच वावरात ठेवा!"

"तेच म्हणतो, वयनी. माह्या वावरात ठेवाची तर तिकडंच आणा लागन!"

एक क्षण मला कळेना. मग पाहिलं, गावच्या मारुतीचा कळस माझ्या समोर होता. जन्मभर मी या पांधणीत आले ती त्या कळसाकडे पाठ करून! मी गर्रकन वळले, गावाकडे पाठ केली आणि डावा हात उचलला. तो हात सरळ त्या तणाकडे गेला.

माय वं!

"काकू," वकिलीणबाई घास गिळून हळूच म्हणाल्या, "म्हणजे ट्रेसपास आपण केला?"

नथ्थूभाऊजी चटणी घेऊन आले आणि त्यांनी आमच्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "मंग मघाशी तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"इतक्या सालांनी बोलल्या तुम्ही, वयनी. मधात कशाले तोडू?"

मी चटणीत बोट बुडवून चाखलं. पण दिनकरला बोलायचं होतं. त्याने घसा खाकरला. "आई, मंग सहीचं..."

मी तोंड उघडायच्या आधी नथ्थूभाऊजीच बोलले. "काहून गा दिनकर, मायनं नाही ओळखलं, तू ओळखलं का? सगळ्यात जास्त कणसं तर तूच सोलली माही!"

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. हरलेली बाई सापाहून वाईट, लक्षात ठेवा.

"हरली मी! गावभर सांग, हरली! पण तू रे? वावर विकाले निघाला, गाहाकाले दाखवशीन काय? उद्या नथ्थूभाऊजींचं वावर विकून येशीन आणि मी जाईन जेलात! ज्याले आपलं वावर दाखवता येत नाही, त्यानं विकू नये. सही नाही भेटत, जा!"

वकिलीणबाई म्हणाल्या, "मुद्दा बिनतोड आहे हो." त्या दिवशी ती बाई मला पहिल्यांदा आवडली.

आमचं वावर अर्ध्या वाट्याने कसणाऱ्या बटईदाराने दोन वर्षं नुसतं तण पिकवलं होतं. त्याला त्याच दिवशी रामराम केला आणि वावर बटईने नथ्थूभाऊजींनाच दिलं. म्हटलं, "घ्या, आता दोन्हीकडून तुम्हीच नांगरा. कोरा किती धुरा कोरता तो!"

आणि दिनकरचा प्लॉट? धंतोलीत आहे तिथे आहे. घेईल त्याच्या पगारातून.

मी आता महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाते. शहर वाईट ते वाईटच, त्यात माझा शब्द बदललेला नाही; पाहिजे तर वकिलीणबाईंना साक्षीला बोलवा. खेड्यात माझं हक्काचं वावर आहे, आणि त्यात मी ताठ मानेने बसते.

फक्त बसायच्या आधी कोणाला तरी विचारून घेते, की हेच ना?