मोटारघराचा उजवा पल्ला

हॉर्न वाजला की मोटारघराचं दार उघडायला मी जायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. दसरा होऊन गेल्यानंतरच्या त्या दुपारीही हॉर्न वाजला आणि मी हातातलं निवडणं तसंच टाकून अंगण ओलांडून गेले. उजवा पल्ला पावसाळ्यापासून जमिनीला घासत होता. कंबरेचा नेट लावून तो उचलला, पुटपुटत पुटपुटत मागे ढकलला, आणि मग जीपकडे पाहिलं. जीप भाऊजी चालवत होते, माझे धाकटे दीर. दोघे भाऊ आठ दिवसांपूर्वी आलापल्लीच्या जंगलात लाकडाच्या कामाला गेले होते, आणि दोघे असले की मोटार हेच चालवत. शेजारची जागा रिकामी होती. भाऊजी जीप आत घेईनात, खालीही उतरेनात. मग समोर बघतच म्हणाले, "वैनी, दार उघडंच राहू द्या. मागून लॉरी येऊन राह्यली." लॉरीत काय आहे ते मला विचारावं लागलं नाही... मी तो पल्ला धरून उभी राहिले. किती वेळ उभी होते ते आठवत नाही. नंतर शांताने, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, माझी बोटं एकेक करून सोडवली म्हणतात.

ह्यांच्या छातीत कळ आली आणि संपलं, एवढंच भाऊजींनी सांगितलं. त्याला आता सहा आठवडे होतील. ओळखीच्या लोकांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. माणूस सरळ होता, शब्दाचा पक्का होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण असे सरळ लोक आमच्या ह्या मूल गावात पाच-पंचवीस तरी निघतील. मला जो माणूस माहीत होता तो एवढा सरळ नव्हता, हे मला स्वतःलाच पंधरा दिवसांपूर्वी कळलं, आणि तेच सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

आमचे सासरे, मामाजी, सागवानाचे ठेकेदार. स्वातंत्र्यानंतर त्यांनी लष्करातून निघालेली एक जुनी जीप घेतली आणि तिच्यासाठी अंगणाच्या टोकाला कौलारू मोटारघर बांधलं. ठेकेदाराच्या घरचं दार कसं असावं, तर आल्यागेल्याने बघत राहावं असं. म्हणून मामाजींनी अस्सल सागवानाच्या जाड फळ्या वापरून दोन पल्ले करवून घेतले. आत मोटार जुनीपुराणी, आणि बाहेर दार असं, की किल्ल्याला शोभावं. हौसेपायी एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, की एवढं वजन बिजागऱ्यांनी पेलायचं कसं. डावा पल्ला निमूट राहिला. उजवा मात्र दर पावसाळ्यात चौकटीचं लाकूड फुगलं की स्क्रू ढिले करायचा आणि खाली बसायचा. मग त्याचं टोक जमिनीवर अर्धगोल रेघ काढत फिरायचं. पहिल्याच वर्षी, माझ्या लग्नाआधी, गड्याने घाईघाईत सगळे स्क्रू एकदम काढले आणि पल्ला सुटून आला. ह्यांचा डावा हात मध्ये सापडला. दोन बोटं चेचली, आणि त्यातल्या एकाला नख पुन्हा आलंच नाही.

मी वर्ध्याची. माहेरी आम्ही भावंडं दिवसभर बडबडत असू. इथे आले तर घरात मामाजी, सासूबाई म्हणजे आमच्या बाई, दोन विधवा आत्या, आणि येणारे-जाणारे जंगलातले लोक. नवराबायकोने थोरांसमोर बोलायचं नाही, हा नियम कोणी सांगितला नव्हता, पण होता. ह्यांना पाणी हवं असलं तर हे भिंतीकडे बघून "पाणी" म्हणायचे, आणि मी भिंतीकडे बघून तांब्या ठेवायची. रात्री खोलीत बोलावं तर पलीकडच्या पडवीत आत्या जाग्या, आणि त्यांचे कान म्हणजे हरणाचे. पहिल्या तीन-चार महिन्यांत आम्ही मिळून शंभर शब्द बोललो असू की नाही, शंकाच आहे. हा माणूस मुळात घुमाच आहे, अशी मी मनाची समजूत घालून टाकली होती आणि माहेरी जाऊन रडायचा दिवसही ठरवून ठेवला होता.

मग पहिला पावसाळा सरला, आणि एके सकाळी ह्यांनी ओसरीवर मामाजींना ऐकू जाईल असं सांगितलं, "उजवा पल्ला बसला. उचला लागते. धराले एक माणूस पायजे." मामाजी म्हणाले, गड्याला घे. हे म्हणाले, "गडी घाई करते, बोट जाते मधात. मागं पाह्यलं ना तुम्ही." भाऊजी तेव्हा नागपूरला शिकायला. कोणी उरलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात नवीन पहार आणली आहे, वापरून तर बघू. अशी मी पहिल्यांदा मोटारघरात गेले.

तिथे गेल्यावर काय झालं, तर ह्या घुम्या माणसाला कंठ फुटला. जीप आधी ढकलून बाहेर काढली, तिच्या चाकांना दगड लावले. मग ते मला समजावून सांगू लागले. पल्ला अर्धा उघडायचा, पहारेने टोक उचलायचं, खाली लाकडी पाचर सरकवायची, मग बाहेरून तिरपा टेकू द्यायचा. वजन पाचरेवर आणि टेकूवर; आपल्या हातावर नाही. "तू फक्त हालू नको देऊ. वजन नको घेऊ. अन् बोट फटीत नाई." एका वेळी एकच बिजागरी खोलायची, तिची दुरुस्ती होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. स्क्रूची जुनी भोकं मोठी झालेली असायची. त्यांत बांबूच्या बारीक काड्या ठोकायच्या, वर आलेल्या कापायच्या, आणि स्क्रूला साबण चोळून तो पुन्हा पिळायचा. दर वेळी पेचकस लावण्याआधी ते विचारायचे, "धरलं?" मी म्हणायची, "धरलं." त्याशिवाय हात चालायचा नाही. आणि एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत गोष्टी चालायच्या... अहेरीकडच्या जंगलात एका गोंड म्हातारीने ह्यांना मोहाची भाकर कशी खाऊ घातली, अस्वल दिसल्यावर मामाजींचा मुनीम झाडावर कसा चढला आणि उतरायला कसा तयार होईना. मी हसले की पल्ला हलायचा. मग हे पेचकस थांबवून वाट बघायचे. माझ्या वर्ध्याच्या गोष्टीही त्यांनी तिथेच ऐकल्या. मी कोणत्या वर्गापर्यंत शिकले, हेसुद्धा माझ्या नवऱ्याने मला एका बिजागरीच्या आडून विचारलं.

घरातून बाईंची हाक यायची, "इतका वेळ काऊन लागून राह्यला?" आणि हे तिथूनच गंभीर आवाजात सांगायचे, "जड आहे पल्ला, बाई. वेळ लागते."

पुढे दर वर्षी हे ठरूनच गेलं. पावसाळ्यानंतर एकदा, आणि मग उन्हाळ्यात लाकूड आकसलं म्हणून आणखी एकदा. मला ते आवडायचं, हे मी कबूल करते, पण मी कुरकुरही करायची. हात भरून यायचे, पोळ्यांची वेळ टळायची. "एवढे सागवानाचे व्यापारी तुम्ही, एक दार धड करता येत नाही?" असं मी एकदा विचारलं तर हे म्हणाले, "दारच असं आहे, मी काय करू?" चेहरा असा, की देवळात उभे आहेत.

एका वर्षीचं मात्र विसरता येत नाही. आपला भाग मुंबई राज्यात गेला ते वर्ष. पाऊस लांबला होता, जमीन ओली होती, आणि आम्ही थांबायला हवं होतं ते थांबलो नाही. वरची बिजागरी खुली असताना टेकू चिखलात सरकला. पल्ला माझ्याकडे कलला. आमच्यात पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, की पल्ला पडायला लागला तर धरायचा नाही, सोडून मागे व्हायचं. पण ऐन वेळी हाताला कुठलं आलंय शहाणपण. मी धरूनच राहिले. आणि हे ओरडले, "सोड, सुमन, सोड त्याले." माझं नाव ह्या घरात तोवर कोणी घेतलं नव्हतं. मी दचकले, हात सुटले, मागे झाले, आणि पल्ला जमिनीवर असा आदळला की बाई, आत्या, सगळ्या अंगणात आल्या. हे माझ्याकडे न बघता पल्ल्याकडे बघत होते आणि आपलं बिननखाचं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून होते. बाया आत गेल्यावर एवढंच म्हणाले, "पल्ला पडला तं दुसरा बनते..." आणि पहार उचलायला वाकले. पुढचं वाक्य त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी ते माझ्या मनाने हजारदा पुरं केलं आहे.

ह्या वर्षी आलापल्लीला निघताना पल्ला फारच घासत होता. मी दार लावत होते. हे जीपमधून मान बाहेर काढून म्हणाले, "आलो की पाहू त्याले." मी म्हटलं, "या लवकर. मला एकटीला उचलत नाही." आमचं शेवटचं बोलणं हे. याहून काही मोठं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं पहिले काही दिवस वाटायचं. आता वाटत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी करीमभाई भेटायला आले. बाजारात त्यांचं लोहारकामाचं दुकान आहे, ह्यांची त्यांची जुनी बैठक. ओसरीवर बसले, डोळे पुसले, आणि जाताना पिशवीतून एक कागदात गुंडाळलेली जड वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. लोखंडी चाक होतं, तळहाताएवढं, वर बसवायला पट्टी असलेलं. म्हणाले, "भाभी, हे तुमच्या मोटारघराच्या पल्ल्याचं. पल्ल्याच्या टोकाखाली बसवलं की सगळं वजन याच्यावर येते. मंग पल्ला कधीच बसत नाई, अन् एका हातानं फिरते. तुमचं लगन झालं त्याच साली मी बनवून ठेवलं होतं." मी विचारलं, मग नेलं का नाही? करीमभाई हसायला लागले, आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसायला लागले. "मी दर साली विचारो. म्हणे, राहू दे, करीम. चाक बसवलं तं पल्ला एकट्या माणसाले उघडते. मंग दुसरं माणूस कायले पायजे?"

इतकी वर्षं. इतकी वर्षं हा माणूस ते दार मोडकं ठेवत आला, मला कुरकुरू दिलं, बाईंना गंभीर आवाजात उत्तरं दिली, आणि एकदाही हसू फुटू दिलं नाही. मी चाक घेऊन खोलीत गेले आणि पोटभर रडले. त्या दिवसापर्यंत मला असं रडू आलं नव्हतं. त्यांच्यावर रागही आला. हे गुपित मला सांगून जायला काय हरकत होती? मग मीही त्यांना चिडवलं असतं. आता चिडवायला कोणी नाही, आणि मला ते फार फार हवे आहेत.

चाक मी माझ्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवलं आहे. भाऊजींना त्याचं काही बोलले नाही. ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहिते आहे ती आमच्याकडे येते, पण भाऊजी त्यातले लाकडाचे भाव तेवढे वाचतात. शांता सगळं वाचते. वाचू दे. तिचं लग्न ह्याच उन्हाळ्यात झालं, आणि भाऊजी हल्ली तिच्याशी बोलायचं तर भिंतीकडे बघून बोलतात.

परवा भाऊजी म्हणाले, "वैनी, तो उजवा पल्ला लयच बसला. सुताराले बोलावून कायमचा बंदोबस्त करून टाकू काय?" मी म्हटलं, सुताराचं काम नाही ते, घरीच होतं. पेचकस, पाचर, टेकू, बांबूच्या काड्या, साबणाचा तुकडा, सगळं काढून दिलं. जमीन कोरडी आहे ना ते पायाने दाबून पाहिलं. एका वेळी एकच बिजागरी, वजन हातावर घ्यायचं नाही, बोट फटीत नाही, आणि पडायला लागला तर सोडून मागे व्हायचं, हे दोनदा बजावलं. मग शांताला हाक मारली. गड्याला नका घेऊ म्हटलं, तो घाई करतो, बोट जातं मध्ये.

मी स्वयंपाकघरात येऊन बसले. थोड्या वेळाने मोटारघरातून आवाज आला, "धरलं?" भाऊजींचा आवाज हुबेहूब भावासारखा आहे, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. माझे हात आपोआप पुढे झाले. मी ते पदरात घेतले... पलीकडून शांताचं बारीकसं "धरलं" ऐकू आलं. मग बराच वेळ पेचकसाचा आवाज नाही, नुसतं बोलणं, आणि मध्येच शांताचं हसणं. चुलीपाशी बाई बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्या फारशा बोलत नाहीत. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "इतका वेळ काऊन लागून राह्यला?"

मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "जड आहे पल्ला, बाई. वेळ लागतो."