मामांचा पूर्ण भविष्यकाळ

माझ्या मामेसासऱ्यांच्या आयुष्यात वर्तमानकाळ नावाचा प्रकार कधी आलाच नाही. मुलुंड पूर्वेला त्यांचा लग्नाच्या जेवणाचा व्यवसाय. सगळी हयात गेली ती पुढची पंगत डोळ्यांपुढे ठेवण्यात. समोर चहा आला तरी त्यांना दिसायचा तो रिकामा कप. 'पहिली पंगत उठलेली असेल तेव्हा दुसरीची पानं मांडून झालेली असतील, आणि तिसरीचा भात दमाला लागलेला असेल,' हे ते आचाऱ्याला सांगायचे तसंच मलाही सांगायचे, मी नुसती पुरणपोळी द्यायला गेलेली असले तरी. स्वतःच्या लग्नात आंतरपाट धरलेला असताना त्यांनी मान वाकडी करून 'जिलबीचा पाक झालेला असेल ना रे?' असं मागे विचारलं होतं, हे मामी अजून सांगतात. सांगताना त्यांचा राग अगदी ताजा असतो. वर्षं इतकी लोटली, पण हार घालायच्या आधी नवऱ्याच्या तोंडी जिलबी आली हे कुठली बाई विसरेल?

अशा माणसाने उतारवयात फ्रेंच शिकायला घेतली. कारण त्यांची एकुलती एक लेक मनू नोकरीसाठी फ्रान्सला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न ठरवलं. मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. 'लग्न मुलुंडलाच होईल आणि जेवण माझंच असेल,' एवढ्या दोन अटी घातल्या. त्या मान्य झाल्यावर मात्र त्यांना झालीची आठवण झाली. आमच्याकडे पाठवणीच्या आधी वेताच्या टोपलीत दिवे लावून ती झाल वरपक्षाच्या डोक्यावर धरतात, आणि मुलीचा बाप सासूसासऱ्यांना म्हणतो, आमची पोर आता तुमची, सांभाळून घ्या. व्याही हयात नव्हते. राहिल्या विहीणबाई. त्यांना फ्रेंचखेरीज काही येत नव्हतं.

"बाबा, तुम्ही मराठीत बोला ना, मी त्यांना सांगते," मनू फोनवर म्हणाली. मामा केवढ्याने उखडले! "अगं, तुलाच सोपवायचं आणि भाषांतरही तूच करणार? असं कुठे असतं का? उद्या म्हणशील, आंतरपाट पण मीच धरते!" गुरुजींनी सुचवलं की मंत्रात सगळं येतं. "तुमच्या मंत्रातली मुलगी आठ वर्षांची आहे, आमची एकोणतीस पूर्ण," मामांनी त्यांनाही वाटेला लावलं. जावयाला विचारता आलं असतं, पण घेणाऱ्याकडूनच देण्याचं वाक्य वदवून घेणं मामांच्या तत्त्वात बसेना. ते स्वतः बोलणार होते. एकच वाक्य, पण स्वतःच्या तोंडाने.

घाटकोपरला एका तरुण बाईंचा क्लास होता. तिथे दहावीची मुलं आणि कॅनडाला निघालेली जोडपी, यांच्यात हे धोतर-टोपीतले मामा. बाईंनी रीतीप्रमाणे वर्तमानकाळापासून सुरुवात केली. मामांनी हात वर केला. "मॅडम, केटररला वर्तमानकाळ नसतो. भूतकाळाचं तर नावच नको, झालेल्या जेवणाचं काय बोलायचं? तुमच्याकडे 'झालेलं असेल' असं काही आहे का? मला थेट तेच वाढा." बाई म्हणाल्या, आहे, पण तो फार पुढचा धडा, आधीचे काळ आल्याशिवाय जमायचा नाही. मामा पुढच्या बाकावर ठाण मांडून बसले. शेवटी बाईंनीच हात टेकले आणि पूर्ण भविष्यकाळ मामांच्या पानात आधी पडला. मग मात्र त्यांच्यासारखा विद्यार्थी त्या क्लासने पाहिला नसेल. कॅनडावाले अजून 'मी जाईन' आणि 'मी गेलेलो असेन' यांत अडखळत होते, तेव्हा मामा 'जोरे फिनी', मी संपवलेलं असेन, असं फळ्याकडे न बघता म्हणत होते. ज्या माणसाने जन्मभर हाच काळ जगून काढला, त्याला आणखी काय शिकवणार?

व्याकरण त्यांनी पंगतीला बसवलं होतं. मला समजावून सांगायचे, "हे बघ सूनबाई, बहुतेक क्रियापदं 'आव्हवार' या मदतनीस क्रियापदाच्या पंगतीला जेवतात. पण जाणं, येणं, पोचणं, जन्मणं, मरणं, ही थोडी मंडळी दुसऱ्या मदतनीसाकडे, 'एत्र'कडे. हे मानकरी. यांचा थाट वेगळा. बाई पोचणार असेल तर लिहिताना शेवटी एक 'इ' जास्त वाढायचा." मी विचारलं, तो 'इ' उच्चारतात कसा? "उच्चारत नाहीत." मग वाढायचा कशाला? मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मसालेभातावरचं तूप दिसतं का तुला? पण नसलं तर कळतं ना?"

खरी लढाई होती ती 'र'ची. फ्रेंचांचा 'र' घशातून येतो आणि मामांचा घसा आयुष्यभर 'वाढा रे' ओरडण्यात तयार झालेला. सकाळी गच्चीत उभे राहून ते असे काही खरखरायचे की सोसायटीत बातमी पसरली, मामांचा घसा गेला. तळमजल्यावरच्या वहिनी ज्येष्ठमध घेऊन आल्या. मामांनी तो खाल्ला आणि खरखर चालू ठेवली. त्यांचं वाक्य होतं, 'कांतेल सरा आरीव्हे शे वू, दोने-लुई दाबोर आ मांझे.' म्हणजे, ती तुमच्या घरी पोचलेली असेल तेव्हा आधी तिला जेवायला वाढा. मामींना 'कांतेल' हे पुष्कळ दिवस कुठल्यातरी नव्या तेलाचं नाव वाटत होतं. कांद्याच्या गोणीपुढे, बँकेच्या रांगेत, भांडुपला वांगी निवडताना, सगळीकडे हे वाक्य चालू. एकदा मुख्य आचाऱ्यालाच त्यांनी ते ऐकवलं. तो मान हलवून म्हणाला, "हो शेट, टाकतो." काय टाकणार होता देव जाणे.

मी एकदा म्हटलं, "मामा, सांभाळून घ्या, एवढं म्हटलं तरी पुरे की. जेवायचं कशाला मध्ये?" तेव्हा ते म्हणाले, "अगं, परक्या घरी पोरगी पहिल्या दिवशी भूक लागली म्हणून सांगत नाही. इतकी लग्नं केली मी. नवरीचं ताट नेहमी भरलेलंच परत येतं. तेवढं त्या बाईला कळलं पाहिजे."

लग्न थाटात झालं. विहीणबाई चांगल्या उंच, आणि नऊवारी त्यांना नेसवताना आमच्या बायकांचा घाम निघालेला. झालीची वेळ आली तेव्हा दिव्यांची टोपली त्यांच्या डोक्यावर धरायला मामांना पाटावर उभं राहावं लागलं. विहीणबाई डोळे वर करून आपल्या केसांच्या काळजीत होत्या. गुरुजींचं संपलं. मनू हळूच म्हणाली, "बाबा, मी सांगू का?" मामांनी नाही म्हणून मान हलवली, टोपली मामींच्या हातात दिली, पाटावरून उतरले आणि हात जोडले. हॉलमधले सगळे पुढे सरकले. आतले वाढपीसुद्धा हातात पळ्या घेऊन दाराशी आले. मला तर मुलाच्या तोंडी परीक्षेला इतकी धडधड झाली नव्हती. आणि मामा बोलले. न अडखळता, घशातल्या 'र'सकट, तो न ऐकू येणारा 'इ'सुद्धा त्यांनी वाढला असणार याची मला खात्री आहे.

पुढचं कोणीच धरून चाललं नव्हतं. विहीणबाईंनी मामांचे दोन्ही हात धरले आणि त्या उत्तर द्यायला लागल्या. झरझर, मोठं, रडत रडत. बोलायची तयारी मामांनी महिनोन्महिने केली होती, ऐकायची अजिबात नाही! ऑर्डर घेताना हलवतात तशी ते मान हलवत राहिले. मनूच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बाबा, त्या म्हणतायत की..." मामांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "तू नको सांगूस, बाळा. मी समजून घेईन." मग गाडी आली, आणि मनू गेली.

ते सगळं माझ्या फोनमध्ये घेतलेलं होतं. मामांनी ते मागून घेतलं आणि पुन्हा घाटकोपरचा क्लास धरला. बाईंनाही अर्थ विचारायचा नाही, फक्त शब्द विचारायचे, असा त्यांचा निश्चय. तुकड्यातुकड्याने उलगडत गेलं. विहीणबाईंचं स्वयंपाकघर लहान आहे. मनूला तिथलं चीज आवडत नाही हे त्यांना माहीत आहे. वरणभात त्या शिकतायत, पण डाळ करपते. प्रत्येक वाक्य लागलं की मामा मला फोन करायचे.

मग फोन थांबले. परवा मी घरीच गेले. मामा खिडकीशी बसून तेच ऐकत होते. शेवटचं वाक्य यायच्या आत त्यांनी फोन बंद केला. तेवढं एकच राहिलं होतं. ते काय आहे हे मनूने मला केव्हाच सांगितलंय, आजपासून ती माझी मुलगी. चार सोपे शब्द आहेत. मामांना ते आले नसतील, हे मला पटेना.

"मामा, अडलंय का? मी सांगू?"

"अडलं नाही गं," ते बाहेर बघत म्हणाले. "त्या काय म्हणाल्या असणार, ते मला कळत नाही का? पण झालीत बापाने सोपवली, समोरच्याने घेतली, आणि बापाला ते कळलं, म्हणजे पाठवणी पुरी झाली. मग पोरगी गेलेली असेल. राहू दे थोडे दिवस."

आत मामी कुकर लावत होत्या. मला त्या म्हाताऱ्याची फार माया आली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "राहू दे, मामा. घाई काय आहे?"