आतामान रजेवर

मूठभर वाळू उचलायची, समोरच्याच्या डोक्यावर सावकाश सोडायची आणि म्हणायचं, "आता डोकं जमिनीवर राहील." हे करताना तो कधी हसायचा नाही. कुणाला बढती मिळाली, वाळू. कुणा फिटरला मुलगा झाल्याचं पत्र आलं, वाळू. सौदीत वाळूला काय तोटा! परदेशात नोकरी केलेल्यांना एकेक वल्ली भेटतेच, तशी तुम्हालाही भेटली असेल. मला भेटला तो कोसॅक.

अल-खोबरजवळच्या एका प्लँटवर तो वेल्डिंग इन्स्पेक्टर होता आणि मी मेन्टेनन्सला. साठीला आलेला, पासपोर्ट फ्रान्सचा, जन्म बेलग्रेडचा. पण गाव विचारलं तर सांगायचा, "डॉन नदी." ती नदी त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

रशियन म्हटलेलं त्याला खपत नसे. कोसॅक म्हणजे जमीनदारांच्या वेठबिगारीतून पळालेली माणसं. नदीकाठी जमली आणि आपला पुढारी, म्हणजे आतामान, आपणच निवडू लागली. पुढे झारने त्यांनाच फौजेत घेतलं. आमच्याकडेही स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारे शिलेदार असत, असं मी सांगितलं तेव्हा तो खूश झाला आणि मग लगेच दमल्यासारखा खाली बसला.

"मालक नको म्हणून पळालो," तो म्हणाला, "आणि शेवटी मालकाचाच चाबूक झालो. गरिबांच्या पाठीवर तो आम्हीच ओढला."

पूर्वजांबद्दल असं सरळ बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आम्ही आपले पूर्वजांच्या नावाने मिशांना पीळ देणारे! बाकी घोड्याचं म्हणाल तर कंपनीच्या पिकअपमध्येसुद्धा तो दोन्ही हातांनी हँडल धरून बसायचा.

इराकने कुवेत घेतलं तसं आम्ही बायकामुलांना भारतात धाडलं आणि खोबरचे फ्लॅट बंद करून कंपनीच्या कॅम्पात राहायला आलो. थंडीच्या तोंडावर नोटीस लागली, हवाई हल्ल्यासाठीच्या प्रत्येक शेल्टरला एक प्रमुख हवा. आमच्या शेल्टरला तेवीस माणसं. कॅम्प बॉस नाव लिहायला पेन काढतोय तोच कोसॅक उभा राहिला.

"आधी क्रूग, मग नाव."

क्रूग म्हणजे वर्तुळ. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि पसंतीचं नाव आलं की टोपी हवेत फेकायची. टोप्या कुठल्या आमच्याकडे! हेल्मेटं होती. माझ्या नावाला सगळी हेल्मेटं उडाली, त्यातलं एक कॅम्प बॉसच्या पायावर पडलं. माझ्या कर्तबगारीचा ह्यात संबंध नव्हता, पाण्याच्या बाटल्यांच्या कोठीची किल्ली माझ्याकडे असायची. तरी कोसॅकने बाहेर जाऊन वाळू आणली आणि माझ्या डोक्यावर सोडली.

"आता तू आतामान. आतामान क्रूगला विचारल्याशिवाय कुठे जात नाही."

जानेवारीत लढाई पेटली आणि खरोखर सायरन वाजू लागले. वेळी-अवेळी उठायचं, मास्क चढवायचा, शेल्टरमध्ये उकिडवं बसायचं. मी यादी घेऊन नावं पुकारायचो आणि प्रत्येकाने "हाजिर" म्हणायचं. सगळं शांत झालं की पुन्हा कामावर. भीती चार दिवसांत संपली. उरला तो नुसता थकवा. जेवताना डोळे मिटायचे, बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं.

असंच एकदा शेल्टरमध्ये बसलेलो असताना त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. ऑस्ट्रियात एका नदीकाठी, जर्मनांच्या बाजूने लढलेले हजारो कोसॅक बायकापोरांसह इंग्रजांच्या ताब्यात होते. एक दिवस कोसॅक अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावलं, त्यात वडीलही होते. वडिलांनी कोट झटकला, म्हणाले, संध्याकाळपर्यंत येतो. बैठक वगैरे काही नव्हतीच. सगळ्यांना परस्पर रशियनांच्या हवाली केलं.

"आई रोज ताट वाढायची," तो म्हणाला. "मला राग एकाच गोष्टीचा. क्रूगला विचारलं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं, जाऊ नकोस."

इकडे नाशिकला माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. आमचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी गेलेलं. टेलिफोनच्या रांगेत तास-दीड तास उभं राहावं तेव्हा तिचा आवाज ऐकू यायचा.

"अहो, ह्या वेळी तरी जवळ असाल ना?"

"येतो."

"नक्की?"

"नक्की."

आणि एका दुपारी ऑफिसातल्या माणसाने मला बाजूला घेतलं. पासपोर्टवर रजेचा शिक्का झाला होता. उद्या सकाळी जेद्दाची बस, तिथून विमान. शेल्टरमधून मी एकटाच. "किसी को बताना मत। यल्ला, सामान बाँधो।"

मी क्रूग बोलावला नाही. बाकीच्या बावीस जणांनाही घरं होती, बायका होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून "मी जाऊ का?" असं विचारायची छाती मला झाली नाही. यादी आणि किल्ली उशाखाली ठेवली आणि सकाळी बॅग घेऊन निघालो.

गेटजवळच्या कट्ट्यावर कोसॅक चहा पीत बसला होता. बॅगेकडे त्याने पाहिलं.

"क्रूगला विचारलंस?"

"नाही."

आता तो माझ्या डोक्यावरची वाळू झटकून टाकणार, असं मला वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

"जा," तो म्हणाला. "मी तुला पाहिलं नाही."

मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्यात होतो. दोघी सुखरूप. त्या आनंदातही ती पाठ डोळ्यांसमोरून हलत नव्हती, खोटं कशाला सांगू?

एप्रिलमध्ये परतलो. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर आमच्याही आभाळात आला होता. कोसॅक नव्हता. त्याचं कंत्राट संपलं होतं. डॉनकाठी आता माणसं पुन्हा उघडपणे क्रूग भरवू लागलीत, जुने गणवेश शिवून घेतायत असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि तो ते बघायला गेला होता. "कोट काय, कुठलाही शिंपी शिवतो," जाताना म्हणाला म्हणे. "विचारतात का एकमेकांना, ते बघतो." पत्ता ठेवला नव्हता.

हे मला आमच्या शेल्टरमधल्या, बिहारातल्या छपऱ्याच्या फिटरने सांगितलं. मी गेलो त्या दिवशी सगळे चिडले होते. दुसरा आतामान निवडा म्हणून त्यांनी कोसॅकच्या नावाने हेल्मेटं फेकलीसुद्धा.

"उसने सब हेल्मेट वापस उठवाए, साब। बोला, आतामान है। छुट्टी पर है, आएगा।"

"आणि हजेरी?"

"वही लेता था। रोज सबसे पहले आपका नाम। फिर खुद ही बोलता, छुट्टी पर।" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "और देखो, आप आ ही गए।"

न विचारता गेलेला माणूस त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यात एकदा तरी परत आला होता, आणि तो मी होतो. ते बघायला तो तिथे नव्हता.