साठ हजारांच्या आतले मामा

गरीब ठरण्यासाठी मामांइतके कष्ट जगात दुसऱ्या कुणी घेतले असतील, असं मला वाटत नाही. माझ्या बायकोचे हे मामा जन्मापासून कोलकात्याचे. बागबाजारात भाड्याच्या खोलीत एकटे राहतात, मुलांना गणित शिकवतात आणि एका जागी म्हणून बसत नाहीत. शिकवतात ते फेऱ्या मारत, वर्तमानपत्र वाचतात ते जिन्यात वर-खाली करत. एस्प्लनेडला जायला बसमध्ये चढले की दोन स्टॉप आधीच उतरून चालू लागतात. "बस फार थांबते हो, जावईबापू!" बँकेच्या बदलीवर मी इथे आलो, तेव्हा ते घर दाखवायला आले आणि मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत रस्त्यावर होते.

इथल्या मराठी मुलांना पावकी-निमकी आलीच पाहिजे, या हट्टापायी त्यांनी कर्ज काढून पाढ्यांचं पुस्तक छापलं. ती मुलं आपसात बंगालीत भांडतात, आईशी मराठी बोलतात ते नाइलाजाने. आयांनी पुस्तक कौतुकाने चाळलं आणि परत दिलं. गठ्ठे मामांच्या खोलीत राहिले, कर्ज व्याजासकट तीस हजारांवर गेलं. आपल्यामागे वसुलीची माणसं पुण्याच्या मुलीच्या दारात उभी राहतील, हा एकच घोर मामांना लागला. मी फेडतो म्हटलं, तर तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. जावयाकडून पैसे घ्यायचे म्हणजे काय!

मग त्यांनी कुठेतरी वाचलं, की दिवाळखोरीच्या नव्या कायद्यात लहान कर्जदाराला कर्जातून मोकळं व्हायची सोय आहे. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत हवं, स्वतःचं घर नको, आणखी दोन-चार अटी. मामा बाकी सगळ्या अटींत बसत होते, उत्पन्न तेवढं चार हजारांनी जास्त. "मग ते चार हजार कर्जात भरा ना," मी बँकेतल्या आवाजात म्हणालो. "ते व्याजातच जातात," म्हणत ते गॅलरीत निघून गेले. त्यांनी फी कमी केली, तर विद्यार्थी वाढले. चौघांची फी माफ केली, तर त्यांच्या घरून संदेश मिठाईचे डबे येऊ लागले. मामा डब्यांची बाजारभावाने किंमत काढून वहीत लिहू लागले. ती वही घेऊन एस्प्लनेडच्या वकीलबाबूंकडे गेले, तर ते पोट धरून हसले. "काकाबाबू, मिष्टी केउ इनकम धॉरे ना!" मिठाईला कुणी उत्पन्न धरत नाही म्हणे. हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की ही सवलत कायद्यात छापलेली असली तरी अजून लागूच झालेली नाही. मामा त्यांच्या टेबलाभोवती फिरत म्हणाले, "और जिस दिन लागू होगा, उस साल मैं लिमिट के बाहर निकला तो?"

तेव्हापासून अर्ज तयार ठेवायचा म्हणून त्यांनी उत्पन्नाचा तक्ता केला आणि एका संध्याकाळी तपासायला माझ्याकडे आणला. संदेश, महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी फराळ, कुणी दिलेली शाल. शेवटची ओळ होती : भाचीकडे रविवारचं जेवण, बावन्न वेळा, प्रत्येकी शंभर.

माझं डोकंच फिरलं. "मामा, हे खोडा आधी!"

"मग तुमच्याकडे जेवलो नाही, असं शपथेवर लिहू?"

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. हिने फोन केला, तर म्हणाले, "अगं, यंदा बसत नाही नियमात." तिने फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडली. मला त्या कायद्याचा राग आला, त्यांच्या वहीचा आला आणि प्रत्येकी शंभर लावणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा तर फारच आला. त्याहून जास्त त्यांची आठवण आली.

परवा गंगेच्या घाटावर दिसले. तासभर मी त्यांच्या बरोबरीने भराभर चाललो. ते मुलीबद्दल बोलत होते, खूश होते. परत फिरताना चहावाल्यापाशी मी म्हणालो, "मामा, अर्धा कप घ्या. माझ्यासाठी."

त्यांनी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढच्या वर्षी, जावईबापू," ते हळूच म्हणाले आणि चालू लागले.